ज्यूलिश-प्लात्सच्या समोर

जर्मनीतल्या कोलोन शहरात फिरताना पुण्याची आठवण यायचं काही कारण नव्हतं. ती आली फारिना हाउसच्या दारात. 1709 सालापासून अत्तराचा धंदा करणाऱ्या या मंडळींनी पेढीच्या नावातच पत्ता घालून ठेवलाय: 'योहान मारिया फारिना, ज्यूलिश-प्लात्सच्या समोर'. थोडक्यात, आमची कोठेही शाखा नाही!

तशी वेळच आली होती त्यांच्यावर. योहान मारिया हा मूळचा इटलीचा, भलत्याच तयारीच्या नाकाचा गृहस्थ. कस्तुरीबिस्तुरीच्या, डोकं उठवणाऱ्या वासांचा तो जमाना. यानं मद्यार्कात बर्गमोट या लिंबाच्या भाईबंदाचं तेल नि आणखी काय काय मिसळून हलकं, ताजं पाणी काढलं. आसरा देणाऱ्या गावाचं नाव त्याला दिलं: ओ द कोलोन, म्हणजे आपलं यूडीकोलन. ते राजवाड्यांत पोचलं आणि कोलोनमध्ये फारिनांचं पीक आलं. अत्तरातलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल, आडनाव फारिना हवं! असा माणूस गाठायचा, भागीदार करायचा, बाटलीवर नाव छापायचं. म्यूलहेन्स नावाच्या व्यापाऱ्यानंही ते नाव असंच विकत घेतलं. पुढे कोर्टकज्जे होऊन ते सोडावं लागलं, तेव्हा 1881 मध्ये नातवानं सरळ घराचा नंबर बाटलीवर लावला. 4711.

हे सगळं आम्हाला सांगत होता डोक्यावर पांढरा टोप चढवलेला मार्गदर्शक. तळघरातलं जुनं लाकडी पिंप दाखवून त्यानं वासाच्या कागदी पट्ट्या वाटल्या. सगळे डोळे मिटून 'संत्रं', 'मोगरा' म्हणत होते. माझ्या तोंडून निघालं, "ताप!" आमच्याकडे यूडीकोलन अमृतांजनाशेजारी असे, ताप चढला की आजी त्याच्या घड्या कपाळावर ठेवी. टोपवाला हसला नाही. एके काळी हे पाणी औषध म्हणून पोटातही घेत. मग 1810 मध्ये नेपोलियननं फर्मान काढलं, की औषधांची कृती जाहीर करा. कृती सांगायची? छे! त्यापेक्षा हे नुसतं अंगाला लावायचं पाणी आहे म्हटलेलं बरं. खुद्द नेपोलियन मात्र बुटात मावेल अशी लांबोडकी बाटली बाळगायचा म्हणे.

वालराफ संग्रहालय तिथून हाकेच्या अंतरावर. श्टेफान लोखनरचं गुलाबांच्या मांडवातल्या मेरीचं चित्र पंधराव्या शतकातलं, आणि जेमतेम हातभर उंचीचं. एकेक पान सावकाश बघावं असं. पण नाक एवढं चेकाळलेलं, की मी वाकून गुलाब हुंगायलाच गेलो. रखवालदार खाकरला. वासांचं वेड या गावाला तसं जुनंच: कोलोनच्या जमिनीतून निघालेल्या रोमन काचसामानात सुगंधी तेलाच्या इवल्या बाटल्याही सापडल्या आहेत. म्हणजे फारिनांच्या आधी दीड हजार वर्षं इथं हा धंदा होता. हे अर्थात त्यांच्या दुकानात बोलायचं नाही.

जाल तर ग्लोकनगासेतलं 4711 चं दुकानही बघा. तिथल्या कारंज्यातून तेच सुगंधी पाणी वाहतं, फुकट हात भिजवता येतात. फक्त फारिनांची पिशवी हातात घेऊन आत शिरू नका.