जुनी फियाट चालू करावी कशी : नवशिक्यांसाठी सचित्र नसलेलं मार्गदर्शन

कार्बोरेटर खोलून धुतला, एसी पंपाचा पडदा बदलला, टाकी उतरवून साफ केली, नवे पाइप टाकले, मिस्त्रीचे पैसे चुकते केले, आणि गाडी चालू होत नाही. या टप्प्यावर पोचलेल्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांची गाडी चालू झाली असेल त्यांनी हे वाचण्यासाठी ती बंद करू नये.

गाडी म्हणजे इथे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून निघाली, १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी झाली, आणि एवढी बारशी होऊनही लोकांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिन्या मात्र अजून आहेत. आरटीओत फेरनोंदणी करून, ग्रीन टॅक्स भरून, सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर घालून त्या उभ्या असतात. त्या चालवायच्या कमी आणि ‘अजून चालू आहे बरं का’ असं पाहुण्यांना सांगायच्या जास्त. ते सांगणं खोटं ठरू नये, एवढाच इथला उद्देश.

साहित्य

दहा-अकराचा पाना, डिसमिस, पकड, प्लगचा पाना, पेट्रोल भरायला धातूचा डबा, सुई काढलेलं मोठं इंजेक्शन, एक पांढरं सुती फडकं आणि एक रिकामी पारदर्शक बाटली. शिवाय पावडरचा अग्निशामक, हाताशी आणि मुदत न संपलेला. यात विनोद नाही. तळमजल्यावरचे काका काळजीपोटी पाण्याची बादली आणून ठेवतील. त्यांचे आभार माना आणि पाणी झाडांना घाला. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आणि पेटलेलं असलं तरी तरंगतंच. उदबत्ती ओवाळून शुभारंभ करायची इच्छा घरात कुणाला झाली, तर तो कार्यक्रम गाडी चालू झाल्यावर, बॉनेट बंद करून ठेवा.

प्रेक्षकांची व्यवस्था

बॉनेट उघडल्यावर पाच मिनिटांत माणसं जमतात. रविवारी सकाळी त्याहून लवकर. प्रत्येक जण आपापल्या गाडीचं दुखणं तुमच्या गाडीला लावून बघतो. ज्याची बॅटरी गेल्या महिन्यात बसली तो ‘बॅटरी उतरलीय’ म्हणणार. ज्यांची हयात चेतकवर गेली ते गाडी जरा आडवी करून बघायला सुचवणार. ‘कॉइल गेली’ असं म्हणणारा एक जण हमखास असतो. त्याला कॉइल कुठे आहे ते दाखवायला सांगू नका, उगाच संबंध बिघडतात. कंपनीची गाडी वापरणारा तरुण ‘स्कॅनर लावला का?’ म्हणून विचारेल. लावायला जागाच नाही, हे ऐकून तो हळहळेल.

या सगळ्यांचं ऐकून घ्यावं, पण दुरुस्ती पेट्रोलची झालीय हे विसरू नये. दुरुस्तीला येईपर्यंत जी कॉइल करंट देत होती ती गॅरेजात नुसतं उभं राहून जळत नाही. दोष पेट्रोलच्या वाटेवरच शोधायचा, आणि त्यातही जिथे शेवटचा हात लागला तिथे आधी. हे इतकं सरळ आहे की बॉनेटभोवतीच्या एकालाही पटणार नाही.

पेट्रोल आहे का?

डॅशबोर्डावरच्या काट्याला विचारू नका. टाकी उतरवून चढवल्यावर त्याची वायर लागली असेल किंवा नसेल, अर्थिंग मिळालं असेल किंवा नसेल. मुळात तो काटा तब्येतीत असतानाही उतारावर एक आणि चढावर दुसरं सांगायचा. मिस्त्रीने टाकी काढताना जे पेट्रोल काढून ठेवलं होतं, ते पुन्हा टाकीतच गेलं असं धरून चालू नका. पाच लिटर आणा आणि स्वतः ओता.

आणाल ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं असेल. देशभर आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं, आणि त्यातल्या इथेनॉलचा काही वाटा उसातून येतो. म्हणजे साखर कारखानदारीशी तुमचा काही संबंध नसला तरी तुमच्या गाडीचा आहे. पद्मिनीच्या काळातल्या रबराला हे मिश्रण मानवत नाही. जुने पाइप आणि पंपाचे पडदे फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं बसलेला राळेसारखा थर सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. ते हवेतली ओलही धरतं. कोकणात पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी असेल, तर पाणी वेगळं होऊन तळाशी बसलेलं असतं, आणि पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. पाइप घेताना दुकानदाराला इथेनॉल चालणारा पाइप मागा. तो ‘सगळे चालतात’ म्हणेल. पाइपवर काय छापलंय ते वाचा. काहीच छापलेलं नसेल तर तो बागेचा पाइप आहे असं समजून ठेवून द्या.

न ठिबकणारी गळती

आता मुख्य भाग. चहा प्यायचा असेल तर आत्ताच पिऊन घ्या.

पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे, आणि मधला सगळा प्रवास इंजिनाच्या अंगाला बसवलेल्या एका मुठीएवढ्या पंपाच्या जिवावर. हा एसी पंप विजेवर चालत नाही. कॅमशाफ्टच्या एका उंचवट्यामुळे त्याचा पडदा खालीवर होतो, म्हणजे इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एक घोट. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप दाबाखाली असतो. तिथे क्लिप ढिली राहिली तर पेट्रोल ठिबकतं, वास येतो, काका ओरडतात, दोष सापडतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपाची गोष्ट उलटी आहे. तिथे दाब नाही, ओढ आहे. त्या बाजूला चीर पडली तर थेंबही बाहेर न येता हवा आत जाते. शहाळ्यातल्या स्ट्रॉला वरच्या बाजूला भोक पडल्यावर काय होतं ते आठवा. गाल दुखतात आणि पाणी येत नाही. पंपाचं तेच होतं.

म्हणून ‘कुठेच गळत नाही, म्हणजे पाइप ठीक’ हा निष्कर्ष निम्म्याच पाइपापुरता खरा आहे. उरलेला निम्मा पाइप गाडीच्या पोटाखालून जातो. तिकडे कुणी वाकून बघत नाही, कारण तिथे वाकलं की पाठीत उसण भरते. नवा पाइप एका मापाने मोठा घेऊन क्लिप कचकचून आवळली, म्हणजे मापाची कसर भरून निघते असा आपल्याकडे एक समज आहे. क्लिप गोल आवळत नाही, एका बाजूला रबराची बारीक घडी पडते, आणि त्या घडीतून हवा जाते. बोटाने चाचपलं तर कळते. पारदर्शक फिल्टर लावला असेल तर त्याच्याकडे बघत कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अधूनमधून एखादा बुडबुडा चालेल, पण सोड्याच्या बाटलीसारखी रांग लागली की पंपाला शिव्या देणं थांबवा आणि मागच्या बाजूचे सांधे एकेक करून बघा. तेवढ्यात फिल्टरवरचा बाणही पाहून घ्या. तो इंजिनाकडे असायला हवा. तो उलटा निघाला तर कुणी लावला याची चर्चा नको, चार माणसं उभी आहेत.

बाटलीची परीक्षा

कार्बोरेटरला येणारा पाइप काढा आणि त्याचं तोंड बाटलीत धरा. कॉइलची मधली वायर आधी उपसून ठेवा आणि बॉडीला टेकवून अर्थ करा. गाडी मध्येच चालू व्हायला नको, आणि पेट्रोलच्या वासात ठिणगी तर मुळीच नको. मग सेल्फ. दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा. सेल्फची मोटर तासभर फिरायला केलेली नाही. बाटलीत ठरावीक अंतराने सणसणीत चिळकांड्या आल्या तर पंप, टाकी, पाइप सगळे निर्दोष सुटले. नुसती ओल आली तर मागचा परिच्छेद पुन्हा वाचा.

पंपाला हाताने हलवायची दांडी असेल तर सेल्फ न मारताही पेट्रोल चढवता येतं. ती ढिली लागली आणि काही जोर आला नाही, तर पडदा फाटला असं म्हणून पंप लगेच खोलू नका. कॅमचा उंचवटा नेमका पंपाखाली आलेला असेल तर पडदा आधीच खेचलेला असतो, दांडीला करायला काम उरत नाही. इंजिन एक फेरी फिरवा आणि पुन्हा बघा. पडदा खरंच फाटला असेल तर तो वेगळ्या मार्गाने कळवतो. ऑइलची काडी काढून वास घ्या. ऑइल पातळ झालंय, पातळी वाढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल खालच्या चेंबरमध्ये उतरतंय. अशा वेळी गाडी चालू करायचा हट्ट सोडा. ऑइल बदला, पडदा बदला.

आणखी एक लबाड दोष सांगून ठेवतो. गाडी चालू होते, दहा मिनिटं गुणी बाळासारखी चालते आणि चौकात बंद पडते. टाकीचं झाकण उघडा. ‘सुस्स’ असा आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकी साफ केल्यावर नव्या झाकणाने हे बऱ्याचदा होतं. हे कळलेला माणूस पुढे आयुष्यभर प्रत्येक बंद गाडीचं झाकण उघडून बघतो.

कार्बोरेटर

यावर जाडजूड पुस्तकं आहेत, आपण थोडक्यात आटपू. सोलेक्स कार्बोरेटर खोलून पुन्हा जोडल्यावर बशीत एखादा वायसर, स्प्रिंग किंवा बारीक पोलादी गोळी उरली असेल तर ती ‘जादा’ नसते. कारखान्याने जादा काही दिलं नव्हतं. गोळी राहिली तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते, आणि मग पुढचे दोन रविवार पॉइंट घासण्यात जातात. जेटच्या भोकात सेफ्टी पिन घालू नका. त्यावर कोरलेला आकडा हा भोकाचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दिलेला व्यास असतो. पितळ मऊ, पिन कडक. जेट साफ होतो आणि आकडा खोटा पडतो. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत काही डुचमळलं तर त्याला भोक आहे आणि तो बुडणार. कार्बोरेटर वरून ओसंडत असेल तर सुईखाली कचरा अडकलाय. फ्लोटच्या भांड्यावर डिसमिसच्या मुठीने हलकेच एकदा टकटक करा. या सगळ्या उपक्रमात ठोकायला परवानगी आहे ती इथेच, आणि तीही हलकेच.

चालू करणे

भांडं रिकामं असताना सेल्फ मारत बसलात तर ते भरेपर्यंत बॅटरी खरंच उतरेल, आणि ती उतरलीय म्हणणारा गृहस्थ खरा ठरेल. त्याला ती संधी देऊ नका. इंजेक्शनने कार्बोरेटरच्या पाइपातून थोडं पेट्रोल भांड्यात घाला आणि पाइप लावून टाका. वरून कार्बोरेटरच्या नरड्यात पेट्रोल ओतून सेल्फ मारायचा सल्ला कुणीतरी देईल. तो देणाऱ्याच्या भुवया शाबूत आहेत का, ते आधी बघा.

सांडलेलं फडक्याने पुसा, वास उडेपर्यंत थांबा, कॉइलची वायर लावा, चोक ओढा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. खरंच काढा. सोलेक्सच्या जुन्या जातीत चोक म्हणजे झडप नसते. चालू करण्यापुरती एक वेगळी बारीक वाट असते, आणि ती थ्रॉटल बंद असतानाच नीट ओढते. ‘जरा रेस दे, रेस दे’ असा घोष सुरू झाला की ती वाट निकामी होते, वर ॲक्सिलरेटरच्या पंपाच्या पिचकाऱ्यांनी प्लग भिजतात. भिजलेच तर चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, आणि सेल्फ. तेवढ्याने भागलं नाही तर प्लग काढून पुसायचे. परत लावताना वायरी पाहून लावा. १, ३, ४, २ असा त्यांचा क्रम आहे, आणि तो चुकला तर कार्बोरेटरमधून फटाका वाजतो. फटाका ऐकून प्रेक्षकांतला निम्मा भाग घरी जातो, हा या चुकीचा एकमेव फायदा.

गाडीने दम धरला की लगेच बॉनेट पाडून फेरी मारायला निघू नका. पांढरं फडकं प्रत्येक सांध्याखाली फिरवा. डाग पडला तर इंजिन बंद करून तिथलीच क्लिप. मग चोक हळूहळू आत. पहिली फेरी सोसायटीभोवती, दुसरी पेट्रोल पंपापर्यंत. खंडाळ्याचा घाट एवढ्यात नको. मे महिन्यात तर मुळीच नको. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते, आणि मग त्यावर ओलं फडकं टाकून, कठड्यावर बसून, नव्या गाड्यांतली माणसं फोटो काढताना बघावी लागतात.

परतल्यावर गाडी लावताना तोंड उताराकडे ठेवा. उद्या सेल्फने मान टाकलीच तर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारता येईल. फक्त उतारावर पुढे कुणी स्कूटर लावू नये, एवढं वॉचमनला आजच सांगून ठेवा.