उजव्या हाताला पांढरं

चौसष्टकर तुमच्याही ओळखीत असणार. आडनाव वेगळं असेल, नाद जुन्या घड्याळांचा किंवा कुलपांचा असेल, पण इसम तोच. आमच्या वाट्याला आलेल्या चौसष्टकरांना बुद्धिबळाचे जुने लाकडी पट जमवायचा आणि दुरुस्त करायचा नाद आहे. आडनाव अर्थात आम्ही ठेवलेलं. खरं काय आहे ते पोस्टमन सोडून कोणाला आठवत नाही.

नादाला कोणाची हरकत नव्हती. हरकत आहे ती उजव्या कोपऱ्याला. पट मांडताना खेळणाऱ्याच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं यायला हवं, असा नियम आहे. आपण तो लहानपणी शिकतो आणि विसरतो. चौसष्टकर स्वतः विसरत नाहीत आणि दुसऱ्याला विसरू देत नाहीत. एकदा सिनेमाला गेलो होतो. खलनायक अंधाऱ्या खोलीत पटासमोर एकटा बसलेला, मागून सुरा घेतलेला हात पुढे सरकतोय, सगळं थिएटर चिडीचूप, आणि आमच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "उजव्या हाताला काळं आलंय हो!" सुरा लागला की नाही, हे आम्हाला अजून माहीत नाही.

यावर उपाय फार सोपा आहे आणि तीच खरी अडचण आहे. पट पाव फेरी फिरवला की झालं. मग ते फिरवतात. दंतवैद्याकडे ताटकळलेली दोन पोरं खेळत होती, त्यांचा फिरवला, मोहऱ्यांसकट. एका घरी समाचाराला गेलो होतो. चौसष्टकर गेलेल्या माणसाबद्दल अगदी बेताचं आणि चांगलं बोलले, पाणी प्यायले आणि निघता निघता शोकेसची काच सरकवून आतला शोभेचा पट पाव फेरी फिरवून ठेवला. घरच्यांना वाटलं, यांच्यात अशी पद्धत असेल. एका बँकेच्या कॅलेंडरवर चुकीच्या पटाचा फोटो होता. फोटो फिरवता येईना, तेव्हा त्यांनी अख्खं कॅलेंडरच आडवं टांगलं. वहिनींनी ते वर्ष मान वाकडी करून चतुर्थ्या शोधण्यात काढलं.

पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवार असो की रविवार, त्यांना सगळे ओळखतात. एखादा वाडा पडला की माळ्यावरचं सामान तिथे येतं, त्यात कधीतरी पट असतो. तिथल्या एका विक्रेत्याने यांची नस बरोबर पकडली आहे. तो पट मुद्दाम उजवीकडे काळं घर येईल असा मांडून ठेवतो आणि स्वतः दुसरीकडे बघत बसतो. येणारेजाणारे बघतात, भाव विचारतात, निघून जातात. चौसष्टकर मात्र वाकून आधी पट फिरवतात. "काका, अडीच हजार," तो लगेच म्हणतो. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर नऊशे.

एक पट त्यांच्या पुस्तकांच्या कपाटातच उभा असतो. मिटला की दोन जाडजूड खंड दिसतात, कण्यावर सोनेरी अक्षरांत 'हिस्टरी ऑफ इंग्लंड'. बाहेर बुद्धिबळ, उघडला की आत बॅकगॅमन. इंग्रजांनी असे पट बरेच केले. एका पाहुण्याने तो वाचायला मागितला होता. चौसष्टकर म्हणाले, "पहिला खंड चालेल?"

कामाला बसले की मात्र माणूस बघण्यासारखा असतो, हे कबूल करायला हवं. पट हातात आला की आधी पाठ बघणार. लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, उभं जवळजवळ नाही. वरच्या बाजूला विनीअर चिकटवलं आणि खालची बाजू तशीच सोडली तर दोन्हीकडची ओढ सारखी राहत नाही आणि पट पसरट वाटीसारखा होतो. म्हणून चांगल्या कारागिराने पाठीलाही विनीअर दिलेलं असतं, जिथे कोणी बघणार नसतं. ते दिसलं की चौसष्टकर विक्रेत्यादेखत विरघळतात आणि भाव आणखी चढतो. मग एकेका घरावर नखाने टिचकी मारायची. बद्द आवाज आला तर विनीअर घट्ट, पोकळ आला तर सुटलेलं. सुटलेल्या घराच्या कडेने सिरिंजने गरम सरस आत सोडायचा, वर कागद, त्यावर फळी, त्यावर शिकंजा. सिरिंजा आणायला जातात त्या केमिस्टने शेवटी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, "साहेबांचं सगळं ठीक आहे ना?"

सरसाला पर्याय नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. जनावरांच्या कातड्याहाडांचा तो सरस ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा सुटतो. म्हणजे शंभर वर्षांनी दुसऱ्या कोणाला तोच पट न फोडता उघडता येईल. हल्लीचा पांढरा गोंद एकदा बसला की बसला. शंभर वर्षांनंतरच्या त्या अनोळखी सुताराची काळजी वाहण्यात वहिनींचं दुधाचं पातेलं गेलं. शेवटचा हात पॉलिशचा. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायची, धुवट मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि आठाचा आकडा काढत फिरवत राहायचा. बोळा क्षणभर जरी थांबला तरी खालचा थर धरतो आणि डाग पडतो. त्यामुळे त्या वेळात बेल वाजवणारा बाहेर उभा राहतो. मीही राहिलोय. आतून आवाज येतो, "आलो, कोपरा चाललाय!"

ते स्वतः खेळतात का? खेळतात, आणि हरतात. समोरचा वजीर मारतो तेव्हा हे वजिराखालच्या घरातल्या शिसवीच्या रेषा बघत असतात.

त्यांना निरुत्तर झालेलं मी एकदाच पाहिलं. कोणीतरी जुना कापडी पट दाखवला. आपल्याकडच्या जुन्या पटांवर काळीपांढरी घरं नसायचीच. सगळी एका रंगाची, काही घरांवर फुल्या. चौसष्टकरांनी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. उजवा कोपरा होता, पण काळा नाही आणि पांढराही नाही. मग बऱ्याच वेळाने, हरलेल्या माणसाच्या आवाजात, त्यांनी आम्हाला सांगितलं की देशी पद्धतीत दोन राजे समोरासमोर नसत, राजासमोर वजीर असे. आणि अशाच नियमांवर वाढलेल्या मीर सुलतान खानने विलायतेला जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं.

मोहरे का जमवत नाहीत, असं एकदा विचारलं. म्हणाले, "त्यांना नाव आहे." नथानिएल कुकने नोंदवलेला नमुना, १८४९ साली लंडनच्या जॅक्स कंपनीने विकायला काढला, हॉवर्ड स्टाँटनने आपलं नाव दिलं आणि आज जगभर मोहरे म्हणजे स्टाँटन. "पट कोणी केला, विचारा. कोणीतरी सुतार." तेव्हापासून मी त्यांची चेष्टा थोडी कमी करतो. थोडीच. पटावर कपाची गोल खूण असेल, विडीचा डाग असेल, तर ते पॉलिश त्याच्या भोवतीने नेतात. तो डाग काढायचा अधिकार आपला नाही म्हणतात. वहिनी सांगतात त्यावरून, त्यांचं बालपण सांगलीतलं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं ते गाव. तिथल्या पोराने खेळात नाव काढायचं. यांना खेळ जमेना, म्हणून हे स्पर्धांना पट मांडायला जायचे. एकदा अख्खी रांग आडवी मांडली आणि सगळं सभागृह हसलं. कारण इतकं सरळ असेल असं मला वाटत नाही, पण वहिनींना वाटतं, आणि दुधाचं पातेलं त्यांचं गेलेलं आहे.

त्यांची सोसायटी पुनर्विकासाला निघाली तेव्हाची सभा आता प्रसिद्ध आहे. कार्पेट एरिया, कॉर्पस, पार्किंग यांवरून लोक एकमेकांच्या अंगावर जात होते. चौसष्टकर माहितीपत्रक उघडून उभे राहिले. क्लबहाऊसच्या चित्रात दोन गोरी माणसं बुद्धिबळ खेळत होती, उजव्या हाताला काळं. "ज्याला चौसष्ट घरं धड मांडता येत नाहीत," ते म्हणाले, "तो आपली चाळीस घरं बांधणार?" सभा पोट धरून हसली आणि ठराव बहुमताने मंजूर झाला.

इमारत पाडली. खड्डा खणला. खड्ड्यात दोन पावसाळे साठले, भाड्याचे धनादेश वटेनासे झाले आणि बिल्डर फोन उचलेनासा झाला. चौसष्टकर आता गावाबाहेर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. पट ओळखीपाळखीत वाटून ठेवलेत, चार आमच्या दिवाणात आहेत. जुलैत रात्री अकराला फोन येतो. "मधल्या पट्ट्या सरकल्या नाहीत ना? हवा खेळायला हवी." आमची ही उठून दिवाण उघडते, बघते, आणि मला झोपेतच सांगते, "सांगा, नाही सरकल्या."

गेल्या महिन्यात नवा बिल्डर आला. त्याचं माहितीपत्रक समितीने वकिलाच्या आधी चौसष्टकरांकडे धाडलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा चाळलं. क्लबहाऊसच्या चित्रात कॅरम होता.

"याचा काही अंदाज येत नाही," ते म्हणाले.