शॉवरमधले बिनभाड्याचे

पिण्याच्या पाण्याला आरओ, त्यावर यूव्ही, शिवाय वर्षाचं देखभाल कंत्राट. शॉवरची जाळी मात्र बसवल्यापासून कुणी उघडलेली नाही. आत बुळबुळीत थरात जंतूंची अख्खी सोसायटी नांदते. ना भाडं, ना मेंटेनन्स. त्यात लिजिओनेला असला, तर तो पोटात गेल्याने सहसा बिघडत नाही. तुषारांतून फुप्फुसात शिरला की न्यूमोनिया, त्यातही म्हातारे आणि धूम्रपानवाले आधी. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यात त्याने बळी घेतले (तिथे वातानुकूलन यंत्रणेतून), तेव्हा कुठे त्याचं बारसं झालं. २५ ते ४५ अंश त्याला मानवतात, ६० ला तो मरतो. आपण वीजबिलासाठी गिझर ४० वर ठेवतो. पाहुणचारात मराठी माणूस कमी पडतो, असं कोण म्हणतं? गावाहून परतलात की आधी पाणी वाहू द्या, आणि तोवर न्हाणीघराबाहेर थांबा.