कमानग्रस्त

चाळिशी ओलांडलेला, बैठ्या नोकरीतला, रक्ताच्या रिपोर्टने नुकताच धास्तावलेला गृहस्थ धावू लागला की महिन्याभरात कमानग्रस्त होण्याचा संभव असतो. पुण्यात तो पहाटे तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर आढळतो. ऊन चढल्यावर मात्र तो कोणाच्याही दिवाणखान्यात आढळू शकतो आणि खरा उपद्रव तिथून सुरू होतो. ‘पायाची कमान धरलीय, हे बघा, इथे,’ असे म्हणत तो मोजा उतरवतो.

दुखण्याचे कारण साधे आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो, तो प्लांटर फॅशिया. कमान तोलून धरणे हे त्याचे काम. घोट्याच्या आतल्या बाजूने उतरणारा टिबिआलिस पोस्टीरियरचा स्नायुरज्जूही त्याच कामावर असतो. वीस वर्षे टेबलाखाली लोंबकळलेल्या पायांना रोजचे पाच किलोमीटर एकदम पेलत नाहीत. छाती काही आठवड्यांत रुळते. पट्टे आणि रज्जू महिने घेतात. दम टिकू लागला की त्याला जमले असे वाटते, तो अंतर दुप्पट करतो आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या दहा किलोमीटरांना नाव नोंदवतो. नातेवाइकांना ‘मॅरेथॉन’ एवढेच कळवले जाते; उरलेले ३२ किलोमीटर ज्याचे त्याने समजून घ्यायचे.

सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली पावले सर्वांत वाईट. थोडे चालले की बरे वाटते, आणि हाच या दुखण्याचा कावा आहे, कारण तेवढ्या भरवशावर तो पुन्हा टेकडी गाठतो.

मग स्वतःच निदान. ओला पाय वर्तमानपत्रावर उमटवायचा: ठसा भरीव आला तर पाय सपाट, मध्ये बारीक आला तर कमान उंच. यावरून कमानीचा आकार कळतो, ती का दुखते हे कळत नाही. तरीही घरातले सगळे पेपर, काही तर कोणी वाचण्याआधीच, ठशांनी भरतात. ठसा दाखवून समाधान होत नाही, तेव्हा मूळ प्रत हजर केली जाते. भाच्याच्या मुंजीत मातृभोजन चालू असताना मोजा उतरतो. बँकेत केवायसीच्या रांगेत उतरतो. दुखवट्याच्या घरी तो अर्धा तास अगदी रीतसर गप्प बसतो; मग कोणीतरी सहज विचारते, ‘तू बरा आहेस ना?’ आणि ज्यांच्या घरचे माणूस गेले तेही चष्मा पुसून वाकून तळवा बघतात.

बुटांवरचा खर्च तो शास्त्र म्हणून सांगतो. सोसायटीतले एखादे काका त्याला आठवण करून देतात की अबेबे बिकिलाने 1960 साली रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली आणि बारामतीच्या लता करे नऊवारीत अनवाणी धावल्या. त्यावर ‘त्यांची कमान वेगळी’ हे त्याचे उत्तर तयार असते. पुरावा म्हणून काय उतरते, हे सांगायला नको.

उपचार कंटाळवाणे आहेत, म्हणून त्याला आवडत नाहीत. धावणे कमी करायचे. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश उचलायच्या आणि सावकाश खाली न्यायच्या. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची, कडक फरशीवर अनवाणी हिंडायचे नाही. घोट्याच्या आत सूज असेल किंवा एका पायावर टाच उचलता येत नसेल तर मात्र डॉक्टर गाठायचा. पाहुण्यांचे मत यात कुठेच लागत नाही.

एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहायलाच हवी. स्वतःच्या पायाचा इतका अभ्यास झाल्यावर त्याला दुसऱ्यांचे पाय दिसू लागतात. सकाळी भिंत धरत स्वयंपाकघराकडे जाणारी आई आजवर त्याला नुसती हळू चालणारी वाटत होती. ओट्यापाशी चाळीस वर्षे अनवाणी उभी असलेली ही बाई बहुधा त्याच पट्ट्याची जुनी रुग्ण आहे, हे त्याच्या ध्यानात येते. तिने कोणाला तळवा दाखवला नाही. विचारलेच तर ‘वय झालं’ म्हणाली, आणि फारसे कोणी विचारलेही नाही. तो तिच्यासाठी मऊ तळाच्या सपाता आणतो. ‘स्वयंपाकघरात चपला?’ म्हणून ती दोन दिवस त्या कोपऱ्यात ठेवते, तिसऱ्या दिवशी घालते. पोटरी ताणायला तोच शिकवतो, आणि शिकवताना चक्क स्वतःच्या पायाचा विषय काढत नाही.

नेटाने व्यायाम केला तर बहुतेकांचे दुखणे काही महिन्यांत ओसरते. काहींना वर्षही लागते. तो बरे वाटताच व्यायाम सोडून अंतर वाढवतो, त्यामुळे ते त्याच्याकडे परत येते. आईचा व्यायाम कुकरच्या तीन शिट्ट्यांना बांधलेला असल्याने चुकत नाही.