एक बोट जागा

मनगट दुखायला लागेपर्यंत मला मनगट आहे याची फारशी दखलच नव्हती. कोपर बसमधल्या गर्दीत उपयोगी पडायचं, गुडघे जिना चढताना स्वतःच ओळख देत. पण मनगट म्हणजे घड्याळ आणि बांगड्या अडकवायची खुंटी, एवढाच आमचा संबंध. साठीला दोन वर्षं उरली असताना आमच्या कात्रजच्या सोसायटीत टेनिस कोर्ट झालं आणि शेजारणीची जुनी रॅकेट घेऊन मी त्यात उतरले. (चढले म्हणायला हवं, कोर्ट पार्किंगच्या छतावर आहे.) माझी चपळाई सर्पोद्यानातल्या दुपारच्या अजगराइतपत. तरी तीन महिन्यांत मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला एक बारीक ठणका मुक्कामाला आला. कणीक मळताना, कडी काढताना, रिक्षाला हात करतानासुद्धा तो हजेरी लावू लागला. डॉक्टर म्हणाले, "काही दिवस पोळ्या तरी थांबवा, नाहीतर टेनिस." टेनिस थांबवण्यावर घरात तत्काळ एकमत झालं. सचिनला टेनिस एल्बो झाला तेव्हा क्रिकेटवाल्याला टेनिसचं दुखणं कसं, म्हणून अख्खा देश चक्रावला होता. मी टेनिस खेळत होते आणि संशय लाटण्यावर होता.

मग मनगटाला सोसेल अशी रॅकेट शोधायला गावात गेले. गाव म्हणजे पेठा. कात्रजहून आम्ही अजूनही पुण्यात 'जातो'. दुकानातल्या मुलानं माझ्या केसांकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच एक रॅकेट काढली. "काकू, ही घ्या. पिसासारखी आहे." खरंच होती, पाव किलो श्रीखंडाहून फार जड नव्हती. दुकानात हवेत फिरवताना तर मी स्वतःला विम्बल्डनला पाहिलं. घरी येऊन चार दिवस खेळले आणि ठणका दुप्पट झाला. १६६३ साली लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पोत बांधून मुघलांना कात्रजच्या घाटाकडे पळवलं म्हणतात. ते निदान बाहेरून आलेले होते. मी इथलीच, रोज तो घाट खिडकीतून बघणारी, आणि मलाच कुणीतरी तो दाखवला होता.

खरं काय ते कळलं गटिंग करणाऱ्या, म्हणजे रॅकेटला तारा बसवणाऱ्या एका गृहस्थांकडून. त्यांनी माझी पिसासारखी रॅकेट तोलून बघितली आणि तुटलेल्या चपलेकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. हलकी रॅकेट चेंडूसमोर उभी राहू शकत नाही, म्हणाले. चेंडूचा हिसका ती स्वतः पेलत नाही, सरळ तुमच्या हातात सोडून मोकळी होते. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास हवं, पण त्यातलं बरंचसं मुठीकडे, म्हणजे टोक जड वाटत नाही. फ्रेमच्या ताठपणाचाही आकडा असतो. सत्तर म्हणजे अगदी ताठ, साठच्या आसपास किंवा खाली म्हणजे जरा वाकणारी. तरुण पोरं पॉलिएस्टरच्या तारा लावतात त्या मनगटाच्या वैरिणी; त्यापेक्षा आतड्याची तात उत्तम, ती परवडत नसेल तर बारीक धाग्यांची मऊ तार. ताण साठ पौंडांचा नको, अठ्ठेचाळीस पुरे. "आणि हे रबराचं बटण?" मी आशेनं विचारलं. तारांमध्ये बसवायचं ते गोंडस बटण मी आधीच घेऊन ठेवलं होतं. "त्यानं आवाज कमी होतो," ते शांतपणे म्हणाले, "दुखणं नाही."

बसमध्ये मला आजीचं शिसवी लाटणं आठवलं. नव्या सुनांना ते उचलवत नसे, आणि आजी तर वीस माणसांच्या पोळ्या त्यानं गप्पा मारत करायची. हलक्या लाटण्याला जोर आपला द्यावा लागतो. जड लाटणं आपल्या वजनानं पुढं सरकतं, आपण फक्त वाट दाखवायची. बस कात्रजच्या तलावाजवळ आली तेव्हा मन आणखी भरकटलं. नानासाहेब पेशव्यांनी या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेलं, आणि वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, नळात कोंडलेल्या हवेला बाहेर पडता यावं म्हणून. त्या कारागिरांना टेनिस ठाऊक नव्हतं, पण त्यांच्याकडून मी डोळे मिटून रॅकेट घेतली असती.

बाबांची रॅकेट माळ्यावर होती. लाकडी, पावसाळ्यात वाकू नये म्हणून चार फुलपाखरी स्क्रूंच्या चौकटीत आवळलेली. दर जूनमध्ये बाबा ते स्क्रू पिळत, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा इतक्या निष्ठेनं. १९७४ साली डेव्हिस कपाची भारत-सोव्हिएत संघ उपांत्य लढत पुण्यात झाली, ती बघायला त्यांनी मला नेलं होतं. आपण ३-१ जिंकलो. पुढे अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी होता. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारत तो खेळलाच नाही. बाबांना त्याचा कोण अभिमान! मला मात्र त्या दिवसातली गर्दी तेवढी आठवते, आणि गर्दीत हरवू नये म्हणून बाबांनी आपल्या मुठीत धरलेलं माझं एक बोट. मूठ सैल असायची, पण बोट कधी निसटलं नाही.

माळ्यावरून काढली तेव्हा तिच्या तारा लोंबत होत्या. वजन चांगलं पावणेचारशे ग्रॅम, आणि गुडघ्यावर जरा दाबली तर वाकणारी. गटिंगवाल्यांनी सांगितलेलं जवळजवळ सगळं तिच्यात होतं, फक्त ग्रिप माझ्या हाताला फार जाड.

शेवटी नवी घेतली ती त्यांच्याच सल्ल्यानं. "ग्रिप बघून घ्या," ते म्हणाले. "मूठ धरा. बोटांची टोकं आणि तळवा यांच्या मधे दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. त्याहून कमी जागा उरली तर मूठ आवळली जाते, मग मनगट बोलतं." मी मूठ धरली आणि डाव्या हाताचं बोट आत सरकवलं. नेमकं बसलं.

"बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"बघते," म्हटलं, आणि बोट आणखी जरा वेळ तसंच राहू दिलं.