७१ मीटरांसाठी परदेशवारी

नगरच्या सावेडीतलं एक जोडपं आशिया पाहून परतलं. औक्षण झालं, चहा झाला आणि मोबाईल टीव्हीला जोडला गेला. अंगकोर वाटपुढे दोघं, हालाँगच्या उपसागरापुढे दोघं, बालीच्या बातुर ज्वालामुखीवर सूर्योदय अडवून दोघं. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, पण यात आशिया कुठंय?"

बातुरची उंची १,७१७ मीटर. आपल्याच अकोले तालुक्यातलं कळसूबाई १,६४६. तिथं मात्र दोघं गेलेली नाहीत. म्हणे फार गर्दी असते. जिल्ह्यात त्यांनी फोटो काढले ते एकदाच, लग्नाआधी, 'चांदबीबी महाला'त. तो महाल नसून सलाबतखानाची कबर आहे, हे फोटोग्राफरनं सांगितलं नाही.

नगरकरांनो, पासपोर्ट जरूर काढा. पण आधी अकोल्याची एसटी पकडा.