चेंडू एकच असतो

बास्केटबॉलच्या संघात कुणाला आणायचं यावर वाद पेटला की लोक सरासरीचे आकडे काढून भांडतात. याचे सामन्यामागे २५ गुण, त्याचे २०, मग यालाच घ्या! अहो, चेंडू एकच असतो. तो हातात नसेल तेव्हा हा गडी काय करणार, ते आधी सांगा.

२००३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस लेकर्सनं शकील ओनील आणि कोबी ब्रायंट घरात असताना कार्ल मलोन आणि गॅरी पेटनही आणले. आता विजेतेपद कुठे जातंय, असंच सगळ्यांना वाटलं. पण पेटनची उभी हयात चेंडू स्वतःकडे ठेवून खेळ रचण्यात गेलेली. प्रशिक्षक फिल जॅक्सनच्या ट्रँगल पद्धतीत पास द्यायचा, बाजूला सरकायचं आणि वाट बघायची. अंतिम फेरीत त्याला सामन्यामागे जेमतेम चार गुण मिळाले. मलोनचा गुडघा दुखावला होता, हे मान्य. त्यानं पेटनचं कोडं सुटत नाही.

त्या फेरीत समोर होते डेट्रॉइट पिस्टन्स. त्यांच्या बेन वॉलेसला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणी विचारलंही नव्हतं. चॉन्सी बिलप्स चार संघांचं पाणी पिऊन आलेला. आणि रिप हॅमिल्टन! नाकावर पारदर्शक मास्क, हात रिकामे, तरी गडी पळतोच आहे. बेनच्या खांद्याला घासून वळतो, बास्केटखालून पलीकडे निघतो. पाठलाग करणारा बेनच्या छातीवर आदळतो, तोवर हा मोकळा. मग कुठे चेंडू हातात येतो आणि लगेच सुटतोही. या संघाला हवा होता आत भिंतीसारखा उभा राहणारा आणि बाहेरून नेम साधणारा उंच खेळाडू. फेब्रुवारी २००४ मध्ये तसाच रशीद वॉलेस आला. जूनमध्ये लेकर्स ४-१ नं हरले. तिसऱ्या सामन्यात तर ६८ गुणांवर आटोपले.

नवख्या पोराला मात्र हा हिशेब लावू नका. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता, त्यांना सेंटर हवा होता, म्हणून त्यांनी सॅम बोवी घेतला आणि मायकेल जॉर्डन शिकागोला गेला. विशीतल्या पोराची जागा अजून ठरायची असते. पेटन पस्तिशीचा होता. तो कसा खेळतो, हे अख्ख्या लीगनं तेरा वर्षं पाहिलं होतं.